तळहाताचा घाम आणि यंत्राचा अंदाज

माणूस ताणात आहे का, हे यंत्र शरीराच्या खुणांवरून ओळखू पाहतं. पहिली खूण घामाची. तळहात आणि तळपायाच्या घामग्रंथी उकाड्यापेक्षा मनातल्या खळबळीने लवकर जाग्या होतात. त्यांना आदेश देणारी, शरीराला सावध करणारी सिम्पथेटिक मज्जासंस्था आपल्या इच्छेला जुमानत नाही. घाम खारट, म्हणून त्यातून वीज सहज वाहते. दोन बोटांना इलेक्ट्रोड लावून साधारण अर्ध्या व्होल्टचा दाब दिला की त्वचेची वाहकता मायक्रोसीमेन्स या एककात मोजता येते. माणूस दचकला की १ ते ३ सेकंदांत आलेख चढतो आणि मग रमतगमत उतरतो. मात्र इलेक्ट्रोड जरा सरकला तरी तसाच चढ उमटतो.

दुसरी खूण नाडीची. मनगटी घड्याळ हिरवा प्रकाश टाकून दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. निवांत असताना हे अंतर सतत थोडं कमीजास्त होतं. ताणात ते एकसुरी होतं. या चढउताराचा एक आकडा काढतात: लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांचे वर्ग, त्यांची सरासरी, मग वर्गमूळ. गंमत इथेच आहे. समजा, ठोके ८०० मिलिसेकंदांच्या आसपास पडताहेत आणि आकडा ३० आहे. हात हलला, एक ठोका निसटला, एक अंतर १६०० झालं. मिनिटभराच्या नोंदीत आकडा थेट १३० च्या वर! घामाघूम माणूस यंत्राच्या लेखी अगदी निवांत. म्हणून आधी असे ठोके गाळायचे, हिशेब नंतर.

या खुणांवरून ताण ओळखायला संगणकाला शिकवायचं, तर नमुने लागतात. २०१८ साली खुला झालेला ‘वेसाड’ हा नोंदींचा संच या क्षेत्रात फार वापरला जातो. त्यात १५ जणांच्या छातीवर आणि मनगटावर सेन्सर होते. परीक्षकांपुढे भाषण, मग २०२३ या संख्येतून १७-१७ वजा करत उतरायचं; चुकलं की पुन्हा २०२३ पासून. ताण आणणं इतकं सोपं असतं! ताण आहे की नाही एवढंच विचारलं, तर उत्तरं ९३ टक्क्यांपर्यंत बरोबर आली. ताण, गंमत आणि साधी अवस्था अशी तीन उत्तरं ठेवली, तर ८० टक्क्यांपर्यंतच.

तेही शिकवताना कधीच न दाखवलेल्या माणसावर तपासून. इथे नवखे हमखास फसतात. नोंदीचे ६० सेकंदांचे तुकडे पाव-पाव सेकंद सरकवत काढले, तर शेजारचे तुकडे जवळपास सारखेच असतात. ते पत्त्यांसारखे पिसून अर्धे शिकवायला, अर्धे परीक्षेला ठेवले, की पेपर फुटलाच म्हणायचा. गुण ९९, आणि नव्या माणसापुढे दाणादाण.

शिवाय घाम आणि नाडी सांगतात ते शरीर किती चेतलंय एवढंच. कशाने, ते नाही. जिना चढलात, कडक कॉफी घेतलीत, शेवटच्या चेंडूवर षटकार पाहिलात, तरी आलेख चढणारच. चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा दावा त्याहून कच्चा, कारण रागावलेला माणूस बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालतच नाही. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळा-कॉलेजांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. सूट आहे ती वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरती.