निसुर्डी की फरगेट-मी-नॉट?

पावसाळा सरत आला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो. यंदा भाचीने नाशिकजवळचा अंजनेरी डोंगर उतरताना पाठवला. पाच पाकळ्या, निळा डोळा आणि खाली, 'मामा, फरगेट-मी-नॉट सापडलं!'

सापडली होती निसुर्डी, आपल्या सह्याद्रीतलं रानफूल. चूक तशी वेडी नाही. दोघी एकाच बोरॅजिनेसी कुळातल्या, चुलत बहिणी म्हणा. फुलाच्या घशाशी खवल्यांचं कडं दोघींना आहे आणि कळ्यांचा तुराही दोघींचा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला. फुलं उमलत जातात तसा तो सरळ होतो.

अस्सल फरगेट-मी-नॉट म्हणजे मायोसोटिस. या ग्रीक नावाचा अर्थ उंदराचा कान, पानाच्या आकारावरून पडलेला. बागेतलं रोप जेमतेम फूटभर, फूल शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. कळी गुलाबी, उमलल्यावर निळी, मधलं कडं पिवळं. परागण झालं की ते पिवळं पांढरट पडत जातं, म्हणजे माशीला दुकान बंद झाल्याची पाटीच. निसुर्डीच्या डोळ्यात पिवळा ठिपका शोधून सापडणार नाही. तिच्या पाकळ्या पांढऱ्या नाहीतर फिकट निळ्या, मध्ये गडद निळं. रोप कमरेला लागेल एवढं वाढतं, बुडाची पानं मोठी, हृदयाच्या आकाराची, लांब देठाची.

फोटोत रंग दगा देतात, म्हणून मी भाचीला एवढंच लिहिलं, 'सॉक्स बघ.' दोन मिनिटांत दुसरा फोटो आला. राखाडी सॉक्सवर पाच-सहा चपटी, आकडेदार फळं घट्ट रुतलेली. निसुर्डीच. मायोसोटिसचं बी काळं, गुळगुळीत, चकचकीत असतं.

नर्सरीतून 'चायनीज फरगेट-मी-नॉट'चं पाकीट आणाल तर घोळ आणखी वाढेल. ते सायनोग्लॉसम, याच कुळातलं तिसरंच रोप, त्याचंही बी चिकटणारं. म्हणजे नाव एकीचं, वळण दुसरीचं. मायोसोटिस लावायचीच असेल तर आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास पेरावी. नाशिकची थंडी तिला मानवते, मार्चचं ऊन नाही.

आता नावाचं. मूळ जर्मन 'फेरगिसमाइननिष्ट'. त्यातला 'माइन' हा जुना षष्ठीचा प्रयोग आहे. आजचा जर्मन माणूस तिथे 'मिष' म्हणेल. म्हणजे 'मला विसरू नकोस'पेक्षा 'माझा विसर पडू देऊ नकोस' हे मराठी त्याला जास्त जवळचं. डॅन्यूबकाठी प्रेयसीसाठी ही फुलं तोडताना वाहून गेलेल्या सरदाराची दंतकथा त्याला जोडतात. मला ती नावावरून मागाहून रचलेली वाटते. अमेरिकेतल्या अलास्काचं राज्यफूल यातलीच एक डोंगरी जात आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये पहिल्या महायुद्धातल्या 1916 च्या लढाईत पडलेल्यांसाठी 1 जुलैला ही फुलं छातीवर लावतात.

निसुर्डीला अशी कथा मी तरी ऐकली नाही. भाचीच्या सॉक्सला मात्र दोन धुण्यांनंतरही एक बी तसंच आहे म्हणे.