गिरण्या आल्या, पण माणसं कशी आली?

मुंबई गिरण्यांमुळे वाढली हे सगळ्यांनाच माहितीये, पण नुसता भोंगा वाजला म्हणून कुणी गाव सोडत नाही.

आधी थोडक्यात, १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे ट्रेन सुरू झाली, १८५४ ला कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, १८६३ ला रेल्वे बोरघाट चढली आणि देशावरचा कापूस बंदरात यायला लागला. त्यात अमेरिकेत यादवी युद्ध, तिकडचा कापूस बंद, मग इथल्या कापसाला सोन्याचा भाव. १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसं भरली. युद्ध संपलं, भाव आपटले, बँका बुडाल्या आणि १८७२ च्या जनगणनेत आकडा थेट ६ लाख ४४ हजार! म्हणजे धंदा होता तोवर लोकं आली, बसला तशी निघून गेली. १८९६ च्या प्लेगमध्येही तेच, निम्मं शहर गावाला पळालं.

गिरणगाव भरलं ते मुख्यतः कोकणातून, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातून. तिकडे जमिनीचे तुकडे, वर खोताचा वाटा, भाताचं एकच पीक, आणि भाऊ चार. मग एकजण आगबोटीने मुंबईला. इथे जॉबर, म्हणजे गिरणीत माणसं भरणारा मुकादम, बहुतेक ओळखीचा किंवा गाववाला, तोच गेटवर बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, उभं करणार, झोपायला गावकऱ्यांची खोली, जेवायला खानावळ, महिन्याला घरी मनिऑर्डर. बायकापोरं गावीच. म्हणूनच १९२१ ला मुंबईत हजार पुरुषांमागे बाया जेमतेम सव्वापाचशे, आणि शंभरातले ऐंशीच्या वर लोक शहराबाहेर जन्मलेले. चाळीत पोरं जगणंही कठीणच होतं, त्यामुळे शहर स्वतःच्या जन्मांवर वाढलं असं म्हणायला जागाच नाही.

मला विचाराल तर मालकांना हे फार सोयीचं होतं. मंदी आली की बदलीवाला घरी, आजारपण, बाळंतपण, म्हातारपण सगळं गावाच्या डोक्यावर, पगार मात्र एकट्या माणसापुरता.

फक्त संपात हीच सोय त्यांच्यावर उलटायची. १९२८ चा संप सहा महिन्यांच्या आसपास चालला तेव्हा हजारो कामगार सरळ गावी गेले, खानावळीचा खर्च वाचला आणि शेतीचा हंगामही हाती लागला.