स्वयंविभव पद्धती (ज्वालामुखीतील जलाभिसरण)

जमिनीत बाहेरून विद्युत् प्रवाह न सोडता, पृष्ठभागावरील दोन बिंदूंमध्ये निसर्गतः असलेले विभवांतर (विद्युत् दाबातील फरक) मोजून ज्वालामुखीच्या पोटातील पाणी व वाफ यांच्या हालचालीचा अंदाज बांधण्याची भूभौतिकीय पद्धती. मोजमाप मिलिव्होल्टमध्ये करतात. मोरचुदाचा संपृक्त द्राव भरलेल्या सच्छिद्र मातीच्या भांड्यात तांब्याची कांडी ठेवून विद्युत् अग्र तयार करतात. एक अग्र स्थिर ठेवून दुसरे लांब तारेने उतारावरून हलवीत नेतात.

रॉबर्ट फॉक्स यांनी १८३० मध्ये कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणींत घेतलेल्या नोंदींपासून या पद्धतीचा इतिहास सांगण्याचा प्रघात आहे. तथापि त्या नोंदींतील विभवांचे मूळ धातुकांच्या रासायनिक क्रियांत होते. ज्वालामुखीपुरते पाहिल्यास गेओर्ग क्विंके यांचा १८५९ मधील प्रयोग अधिक निकटचा वाटतो. सच्छिद्र पटलातून पाणी दाबाने ढकलल्यास पटलाच्या दोन बाजूंमध्ये विभवांतर उत्पन्न होते, असे त्यांना आढळले. हेल्महोल्ट्स (१८७९) व स्मोलुचोव्स्की (१९०३) यांनी त्याची उपपत्ती मांडली. खनिजकणांचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असल्याने त्याला लागून असलेल्या पाण्यात धनभाराचे आधिक्य असते. वाहते पाणी तो धनभार आपल्याबरोबर ओढून नेते आणि प्रवाहाच्या दिशेने विभव वाढत जातो. दाबातील फरक जास्त व पाण्याची विद्युत् संवाहकता कमी, तितके विभवांतर मोठे.

ज्वालामुखींवर आढळणाऱ्या मोठ्या धन विसंगतींच्या (आसपासच्या मानाने विभव बराच जास्त असलेल्या जागांच्या) उगमाविषयी मतभेद आहेत. हवाईतील किलाउआ येथे १९७०–८० या दशकात दीड व्होल्टच्या आसपासच्या विसंगती नोंदल्या गेल्या. तापमानातील फरकाने खडकांत निर्माण होणारा विभव दर अंशास सामान्यतः मिलिव्होल्टचा काही भाग इतकाच असतो; म्हणजे काही शे अंशांच्या फरकातून शंभर-दोनशे मिलिव्होल्टपलीकडचे स्पष्टीकरण मिळणे कठीण. म्हणून वर चढणाऱ्या उष्ण पाण्याला व वाफेला मुख्य कारण मानणारे मत अधिक ग्राह्य ठरते. मात्र पाणी तीव्र आम्लधर्मी असल्यास कणांवरील भार क्षीण होतो, क्वचित त्याचे चिन्हही उलटते, आणि मग प्रवाहाची दिशा चुकीची वाचली जाण्याचा धोका असतो.

उतारांवर पावसाचे पाणी खाली झिरपत असल्याने उंचीबरोबर विभव घटत जातो. शिखराजवळ उष्ण द्रव वर येत असेल तर विभव पुन्हा वाढतो व छेदाला (उतारावर ओळीने घेतलेल्या नोंदींच्या आलेखाला) इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा आकार येतो. एकाच छेदातून या हालचालीची खोली निश्चित होत नाही. तिच्यासाठी विद्युत् रोध, तापमान व मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड यांची मोजमापे जोडीला घ्यावी लागतात. इटलीतील स्ट्रॉम्बोली, रेयुन्यों बेटावरील पितों द ला फुर्नेझ आणि जपानमधील मियाकेजिमा येथे ही पद्धती वापरली गेली आहे.

भारतात सक्रिय ज्वालामुखी केवळ अंदमानातील बॅरन बेटावर आहे. कोल्हापूरजवळील पन्हाळा व जोतिबाचे डोंगर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खन लाव्हाथरांचे असून त्यांत शिलारसाची उष्णता उरलेली नाही. तरीही झिरपणाऱ्या पाण्याचा उतारावरील परिणाम उष्णतेवर अवलंबून नसल्याने, माथ्यावरील जांभ्यातून उतरून खालच्या घट्ट बेसाल्टावर अडणाऱ्या पावसाच्या पाण्याची वाट शोधण्यास हेच तत्त्व लागू पडते.