मिरगाची वाट बघणारे कांदे

मागच्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीने रत्नागिरीतल्या घरापुढच्या हिरवळीत ट्यूलिपचे वीस कांदे लावले. नोव्हेंबरात शेणखत घालून, हौसेने. जानेवारीत पानं वर आली, बोटभर वाढली आणि थबकली. एका रोपाच्या पानांच्या बेचक्यात कळी होती, मातीलगत, वाळून कागदासारखी झालेली. आपल्याच हातून काही चुकलं असं तिला वाटलं, आणि मला फार वाईट वाटलं, कारण तिने काही कमी केलं नव्हतं.

स्वयंपाकघरातला कांदा उभा चिरून बघा. बुडाची जी चकती आपण सुरीने उडवतो ते त्याचं खोड. वरच्या जाड पाकळ्या म्हणजे पानांचे फुगलेले तळ, अन्नाचं कोठार. मधोमध हिरवट कोंब. ट्यूलिपच्या कांद्यात तिथे अख्खं फूल आधीच तयार होऊन बसलेलं असतं. पण त्याला वर उचलणारा दांडा लांबायला साधारण 12 ते 16 आठवडे 9 अंशांखालची थंडी लागते. तेवढ्या काळात कांद्यातल्या पिष्टाची साखर होते आणि दांडा वाढायला तयार होतो. श्रीनगरला दल सरोवराजवळच्या बागेत ही थंडी फुकट मिळते. रत्नागिरीत जानेवारीतल्या रात्रीही पारा सरासरी 18-19 अंशांवर असतो. फ्रिजमध्ये ठेवलेल्या कांद्याला एकदा फूल येईलही (फळांशेजारी मात्र ठेवू नये, पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते), पण हिरवळीत लावायचे ते कांदे वर्षानुवर्षं आपसूक फुलावेत म्हणून. दरसाल उकरून गारठवायचे असतील तर त्यात काय मजा!

कोकणात झाडांचा कस लागतो तो फेब्रुवारी ते मे. जांभा तापतो, वरची वीतभर माती कोरडी ठक्क होते. इथले कांदे या काळात मातीखाली दडी मारतात. कोळकांदा तर पान नसतानाच भर उन्हाळ्यात फुलोरा काढतो, पानं पावसात येतात. पाऊस सुरू झाला की सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, दीपकाडी या रानकांद्याची पांढरी, सुवासिक फुलं येतात. तिची एक जात कोकणपट्टीचीच आहे. ती सड्यावरच बघावी, उकरून घरी आणू नये.

अंगणासाठी माझी निवड पावसाळी लिली. मूळची अमेरिका खंडांतली, पण आपल्याकडे कधीच रुळलेली. तिच्या शास्त्रीय नावाचा, झेफिरँथिसचा, अर्थ ‘पश्चिम वाऱ्याचं फूल’, आणि आपला पाऊसही समुद्राकडून, पश्चिमेच्या वाऱ्यानेच येतो. वळवाची एक सर किंवा मिरगाचा पहिला पाऊस झाला की चार-पाच दिवसांत गवतातून गुलाबी, पांढऱ्या कळ्या उभ्या राहतात. कोरड्या विश्रांतीनंतरचं पाणी हाच तिचा इशारा.

एप्रिल-मे महिन्यांत कांदे मूठभर उधळावेत आणि पडतील तिथेच, दोन-तीन सेंटिमीटर खोल लावावेत. ओळी धरल्या की शोभा जाते. पाणी साचणारी जागा टाळावी, तिथे कांदा कुजतो. खोलीची फार काळजी नको. अशा कांद्यांची काही मुळं आकसतात आणि कांद्याला हळूहळू खाली ओढून घेतात. जुना कांदा उपटलात तर मुळांवर आडव्या सुरकुत्या दिसतील, त्या याच ओढीच्या.

खरी अडचण गवत कापायच्या यंत्राची. आषाढात हिरवळ आठवड्यात घोट्याला लागते, यंत्र फिरतं आणि लिलीची गवतासारखी पानं त्यात जातात. पुढच्या वर्षीच्या फुलाचं अन्न हीच पानं बनवतात. युरोपात हिरवळीत डॅफोडिल लावणारेही फुलं सरल्यावर निदान 6 आठवडे तिथलं गवत कापत नाहीत. आपल्याकडे तेवढ्याने भागत नाही, लिलीची पानं पावसाळाभर कामात असतात. म्हणून सगळ्या हिरवळीत पसरण्यापेक्षा आंब्याच्या बुंध्याभोवती किंवा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला एक तुकडा राखावा आणि दसऱ्यापर्यंत तिथे यंत्र नेऊ नये. लहान मुलं घरात असतील तर एवढं सांगून ठेवावं, की हा कांदा विषारी आहे, तोंडात घालायचा नाही.

बहिणीने यंदा शेजारच्या काकूंकडून ओंजळभर कांदे आणलेत. ट्यूलिपच्याच जागी लावलेत, आणि भोवती चार चिरे मांडलेत, गवत कापणाऱ्याला कळावं म्हणून.