अ‍ॅस्पिरिन आणि शिरेतल्या गुठळीची गोळी: ‘रक्त पातळ’ या शब्दांनी केलेला घोळ

जळगावात औषधाच्या काउंटरवर उभे राहून मला बरीच वर्षे झाली, आणि ‘रक्त पातळ करायची गोळी द्या’ या वाक्याइतका मला धास्तावणारा वाक्प्रचार दुसरा नाही. पायाच्या खोल शिरेत गुठळी झालेल्या रुग्णाची गोळी संपते, घरात वडिलांची हृदयविकाराची अ‍ॅस्पिरिन असतेच, दोन्ही ‘रक्त पातळ करायच्याच’ म्हणून ओळखल्या जातात, आणि मग महागडी गोळी आणण्याऐवजी आठ-दहा दिवस घरातलीच घेतली जाते. वास्तविक या दोन्हींपैकी एकीनेही रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. दोन्ही गोठण्याला आडकाठी करतात, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर.

अ‍ॅस्पिरिन सर्वांना ठाऊक आहे. अँजिओप्लास्टी झालेला एखादा तरी माणूस आता प्रत्येक गल्लीत सापडतो, आणि त्याची ७५ मिलिग्रॅमची गोळी प्लेटलेटना, म्हणजे रक्त गोठवायला धावणाऱ्या सूक्ष्म पेशींना, एकमेकींना चिकटू देत नाही, एवढे येथे पुरे.

घोळ होतो तो गुठळी कोठे आणि कशी बनते हे लक्षात न घेतल्यामुळे. हृदयाच्या धमनीत रक्त जोराने वाहत असते. तेथे आतले अस्तर फाटले की त्या जागी आधी प्लेटलेट धावून येतात आणि थर रचतात. खोल शिरेत याच्या उलट घडते. तापीच्या वाहत्या धारेत शेवाळ धरत नाही, पात्रातल्या डबक्यात धरते. तसे मांडीचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या किंवा नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या पायात रक्त रेंगाळते, रक्तातील गोठवणारी प्रथिने एकामागून एक जागी होतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे विणले जाते आणि त्यात तांबड्या पेशी अडकतात. ही गुठळी मुख्यतः फायब्रिनची असल्यामुळे तिची वाढ थांबवायची तर त्या प्रथिनांनाच अडवावे लागते, आणि ते काम हेपारिन, वॉरफरिन, अ‍ॅसिट्रोम, रिव्हारोक्सॅबॅन किंवा अपिक्सॅबॅन करते. अ‍ॅस्पिरिनला त्या जाळ्यावर फारसा इलाज नाही. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीवावर बेतते. म्हणून ताज्या गुठळीवर अ‍ॅस्पिरिनवर भागवणे म्हणजे जवळजवळ विनाउपचार राहणे होय.

हा घोळ टिकून राहण्यास एक कारणही आहे. सांधा बदलल्यानंतर गुठळी होऊ नये म्हणून काही डॉक्टर अ‍ॅस्पिरिन देतात, आणि गुठळीवरचा मूळ उपचार पूर्ण झाल्यावर ती पुन्हा होऊ नये म्हणूनही कधी देतात, पण या दुसऱ्या कामात तिचा उपयोग गुठळीवरच्या गोळ्यांपेक्षा बराच कमी असतो. मूळ उपचार मात्र किमान ३ महिन्यांचा असतो. त्या काळातही ही औषधे गुठळी विरघळवत नाहीत. ती वाढू देत नाहीत, आणि विरघळवण्याचे काम शरीर सावकाश स्वतः करते. सूज उतरली म्हणून दुसऱ्या आठवड्यात गोळी सोडणारे, आणि ताज्या गुठळीवर तेल चोळून देणारे, या दोघांचाही मला सारखाच राग येतो.

एखादा दिवस चुकला तर काय, यातही दोन्ही गोळ्या वेगळ्या आहेत. अ‍ॅस्पिरिनने निकामी केलेली प्लेटलेट तिच्या सात ते दहा दिवसांच्या उरलेल्या आयुष्यात पुन्हा कामाची होत नाही, म्हणून एका दिवसाची चूक बहुधा खपून जाते. रिव्हारोक्सॅबॅनचा परिणाम मात्र सुमारे एका दिवसात ओसरतो. तिची १५ आणि २० मिलिग्रॅमची गोळी अन्नासोबतच घ्यावी लागते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. त्यामुळे श्रावणी सोमवारी ‘उपास आहे, नुसत्या पाण्यावर घेतली’ असे सांगणाऱ्या मावशींना मी निदान भगर खाऊन मग गोळी घ्या असे सांगतो. पहिले २१ दिवस १५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि नंतर २० मिलिग्रॅम एकदा, हा बदल चिठ्ठीवर असूनही पुष्कळांच्या नजरेतून सुटतो.

वॉरफरिन आणि अ‍ॅसिट्रोम यांना आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी लागते आणि आकडा साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. त्यांचा जोर हिरव्या पाल्यातील ‘के’ जीवनसत्त्वाने कमी होतो. खान्देशात हिवाळ्यात भरिताच्या निमित्ताने कांद्याची पात दर दोन दिवसांनी ताटात येते आणि उन्हाळा लागताच नाहीशी होते. मग आकडा का हलला याचा शोध औषधाच्या कंपनीत घेतला जातो. पात सोडू नये, तिचे प्रमाण वर्षभर सारखे असावे, एवढेच मी सांगतो. आणि डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय गुठळीवरच्या कोणत्याही गोळीच्या जोडीला अ‍ॅस्पिरिन किंवा गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक घेऊ नये, कारण एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि पोटात रक्त सुटले तर ते बऱ्याचदा काळ्या शौचावरूनच कळते.