यकृत ‘पुन्हा उगवतं’ म्हणजे नेमकं काय?

‘यकृताचं काय, कापलं तरी उगवतं, कितीही बिघडलं तरी भरून निघतं.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक.

१९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढला. थोड्याच काळात यकृताचं वजन जवळपास पूर्ववत झालं. पण कापलेले खंड उगवले नव्हते. उरलेल्या खंडांतल्या पेशी विभागून तेच मोठे झाले होते. शिवाय यकृत निरोगी होतं आणि इजा एकदाच झाली होती.

दारू, हिपॅटायटिस किंवा साठलेली चरबी यांमुळे दाह वर्षानुवर्षं चालू राहिला, की गोष्ट वेगळी. एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवून गप्प बसणाऱ्या तारकापेशी जाग्या होतात आणि कोलॅजनचे, म्हणजे व्रण बनवणाऱ्या प्रथिनाचे, धागे विणत सुटतात. यकृतपेशी तेव्हाही विभागतात, पण व्रणांच्या पट्ट्यांत अडकून त्यांच्या गाठी होतात, रक्ताची वाट कोंडते. हाच सिरॉसिस. आणि यातही एएलटीचा (यकृतपेशींना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचा) रिपोर्ट कधी कधी नॉर्मल येतो!

मूळ कारण थांबलं, उदाहरणार्थ हिपॅटायटिस सी औषधांनी बरा झाला, तर व्रण बरेच ओसरू शकतात. सिरॉसिस फार पुढे गेला असेल तर मात्र ती खात्री उरत नाही.