क्यूला पोचा पडला, टवका उडाला? पॉलिश पेपर उचलण्याआधी हे वाचा

क्यू, म्हणजे स्नूकर-बिलियर्ड्स खेळायची काठी, टेबलाच्या कडेवर आपटला, केस बंद करताना झाकणात चेमटला, नाहीतर भिंतीला टेकवलेला सरकन घसरून पडला. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक क्यूंची कथा या तिघांतलीच एक असते. यातल्या निम्म्याअधिक जखमा घरी भरून निघण्यासारख्या असतात आणि त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नसते. फक्त घरच्या उपायाने छोट्या जखमेची मोठी होऊ नये, एवढ्यासाठी हे माहितीपत्रक.

पहिला प्रश्न एकच. लाकूड दबले आहे की गेले आहे?

दोन्ही ठिकाणी खड्डाच दिसतो, म्हणून गफलत होते. क्यू खिडकीपाशी न्या, उजेड बाजूने तिरका पडेल असा धरा आणि हळूहळू फिरवा. खड्ड्याचा तळ गुळगुळीत असेल, लाकडाच्या रेषा न तुटता त्यातून वाकून पलीकडे जात असतील, तर तो पोचा. लाकूड जागेवरच आहे, त्याचे तंतू फक्त चेपले गेले आहेत. कड नखाला अडकत असेल, रेषा मध्येच तुटल्या असतील, आतले लाकूड फिकट आणि खरबरीत दिसत असेल, तर टवका उडालेला आहे. पोचा वर आणायचा असतो, टवका भरायचा असतो. आणि घासून काढायचा यांपैकी एकही नसतो.

हे शेवटचे वाक्य ठळक छापायला हवे होते. एका ग्राहकाने शाफ्टवरचा (क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागावरचा) तांदळाएवढा पोचा पॉलिश पेपरने घासून घासून घालवला होता. पोचा गेला खरा, पण क्यूला तिथे कंबर आली. ब्रिजच्या हातावरून, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणाऱ्या हातावरून, क्यू सरकताना बोटांना ती दर फटक्याला लागायची. टिपेपाशी, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकापाशी, क्यूची जाडी असते जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटर. त्यातले अर्धा मिलिमीटर लाकूड गेले की क्यूची लवचीकता बदलते, आणि गेलेले लाकूड आम्हालाही परत आणता येत नाही.

पोचा वर कसा आणायचा

चेपलेल्या तंतूंना ओल आणि ऊब मिळाली की ते फुगून जागेवर येतात. सगळी करामत एवढीच. पण लॅकरच्या (वॉर्निशसारख्या लेपाच्या) थराखाली पाणी पोचत नाही. त्यामुळे क्यू लॅकरचा असेल तर पोच्यापुरते, फक्त तेवढेच, लॅकर 600 नंबरच्या पेपरने हलके उतरवावे लागते. तेल लावलेल्या क्यूला बहुधा कोरड्या फडक्याने जोर लावून पुसणे पुरते.

आधी पाण्याचा एक थेंब पोच्यावर ठेवा आणि रात्रभर क्यू आडवा, सपाट राहू द्या. बारीकसारीक पोचे एवढ्यावरही उठतात. नाही उठला तर सुती कापडाचा बोटभर तुकडा भिजवून घट्ट पिळा, दुहेरी घडी करून पोच्यावर ठेवा आणि तापलेल्या इस्त्रीचे फक्त टोक त्यावर चार-पाच सेकंद टेकवा. चर्र असा आवाज येईल. इस्त्री उचला, कापड काढा, बोट फिरवून बघा. गरज वाटली तर पुन्हा. तीन-चार खेपांत फरक पडला नाही तर थांबा, कारण तंतू तुटलेले असण्याची शक्यता जास्त. कापड कोरडे पडू देऊ नका, नाहीतर लाकडावर तपकिरी डाग उमटेल. केटलीच्या वाफेवर क्यू धरायचा सल्ला काही जण देतात, आम्ही देत नाही. वाफ हवी तेवढ्याच जागी लागत नाही, आणि हातभर शाफ्ट एका बाजूने तापला, भिजला की तो वाकायला निमित्त मिळते.

यानंतरची पायरी लोक हमखास चुकवतात. वाफ दिल्यावर तो भाग आजूबाजूच्या लाकडापेक्षा किंचित वर आलेला आणि खरखरीत लागतो. हात शिवशिवतात, पेपर मारावासा वाटतो. मारू नका. पूर्ण एक दिवस जाऊ द्या. ओल उडाली की ते लाकूड पुन्हा थोडे खाली बसते. ओले असताना सपाट केलेत तर वाळल्यावर तिथेच नवा खड्डा तयार होतो, आणि तो मात्र वाफेने उठत नाही. वाळल्यावर 1000 किंवा 1200 नंबरचा पेपर, तोही लाकडाच्या रेषेच्या दिशेने दोन-चार हलके हात. आडवा हात मारलात तर बारीक ओरखडे तेलाखाली उठून दिसतात.

फेरूलच्या (टिपेखालच्या कड्याच्या) जवळ आणि बटच्या (मागच्या जाड भागाच्या) जोडांवर वाफ अजिबात देऊ नका. दोन्ही ठिकाणी आत गोंद आहे, आणि ऊब-ओल त्याला मानवत नाही. तसेही बटवरचा पोचा खेळाला काही करत नाही. डोळ्यांना खुपत नसेल तर राहू द्या. बोटांना जाणवतो तो टिपेपासूनच्या पहिल्या फूट-दीड फुटातला.

टवका उडाला असेल तर

उडालेली कपची सापडली तर जपून ठेवा, तीच परत बसवणे सर्वात उत्तम. नसेल तर पातळ सुपरग्लूने खड्डा भरता येतो. जागा स्पिरिटने पुसून घ्या, कारण तेलावर गोंद धरत नाही. मग खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप क्यूभोवती गुंडाळा, म्हणजे नंतर घासताना चांगले लाकूड वाचेल. गोंद टूथपिकच्या टोकाने, एका वेळी एकच पातळ थर. वाळला की दुसरा. खड्डा काठोकाठ भरून किंचित वर आला की 600च्या पेपरने टेपेच्या पातळीपर्यंत आणा, मग टेप काढून 1200ने शेवटचा हात. खड्डा खोल असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा अगदी बारीक भुसा गोंदाआधी दाबून भरतात. आबनुसाच्या काळ्या बटवर हे झाकून जाते. ॲश या फिकट लाकडाच्या शाफ्टवर डाग थोडा गडद दिसणारच, त्याला इलाज नाही. गोंद सुती कापडाने पुसू नका. सुतावर सुपरग्लू पडला की तो चटका बसेल इतका तापतो.

अशा दुरुस्तीनंतर क्यू स्पर्धेत चालतो का, हे बरेच जण विचारतात. चालतो. नियमाला क्यू किमान 3 फूट, म्हणजे 914 मिलिमीटर लांब हवा आणि त्याचा नेहमीचा निमुळता आकार बदललेला नको. भरलेला टवका त्याच्या आड येत नाही.

तेलाचा हात

उघड्या पडलेल्या लाकडाला जवसाचे तेल लावा. कच्चे तेल वाळायला अनेक दिवस घेते, लवकर वाळणारे ‘बॉइल्ड’ नावाने मिळते. दोन थेंब फडक्यावर, दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या, उरलेले सगळे पुसून काढा आणि तळहाताला ऊब लागेपर्यंत चोळा. एक दिवसाच्या अंतराने असे दोन-तीन हात. जास्त तेल म्हणजे जास्त चकाकी नव्हे. न मुरलेले तेल चिकट होते आणि क्यू बोटांवर अडखळतो. वापरलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि बोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

आमच्याकडे कधी आणायचा

लाकडात चीर असेल तर घरी काही करू नका. ॲशवर गडद रेषा मुळातच असतात, त्यामुळे शंका येते. नख आडवे फिरवा: लाकडाच्या छिद्रांत नख ठिकठिकाणी अडखळते, चिरेत ते एकाच रेघेत खटकत जाते. फटका मारताना बारीक झणझण ऐकू येत असेल तर फेरूल सैल आहे, क्यूचे दोन भाग जोडणारा स्क्रूचा जोड ढिला आहे किंवा आत कुठेतरी लाकूड फुटले आहे. जोड आवळूनही आवाज राहिला तर क्यू खेळायचा थांबवा.

आणताना क्यू केसमध्येच आणा, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. आधी घरी काही लावले असेल, गोंद, तेल, लॅकर, काहीही, तर ते चिठ्ठीवर लिहून द्या. आम्ही रागावत नाही, पण लाकडात काय मुरले आहे ते कळले नाही तर आमचा गोंदही तिथे धरत नाही.